मेच्या सुट्टीत श्रीलंकेचा कोणता किनारा निवडावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचे एक कुटुंब मे महिन्याच्या मध्यापासून आठ रात्रींसाठी श्रीलंकेला जाणार आहे. सोबत सत्तरीचे आईवडील, तेरा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा आहे, आणि मुलाला पोहता येत नाही. आठपैकी चार रात्री समुद्रकाठी घालवायच्या आहेत. सहल आखून देणाऱ्यांनी बेंटोटा सुचवले आहे, एका मित्राने मिरिस्साचे नाव घेतले आहे, आणि मुलीने माडाला टांगलेल्या झोक्याचे छायाचित्र पाहिल्यापासून तिला उनावटुनालाच जायचे आहे. आईवडिलांची इच्छा रामायणाशी नाते सांगणारे एखादे ठिकाण पाहण्याची आहे. या तिन्ही किनाऱ्यांपैकी कोणता निवडावा, असे आपण विचारले आहे.

आपल्या तारखा लक्षात घेता माझे उत्तर असे आहे की या तिन्हींपैकी एकही निवडू नये. मेच्या मध्यानंतर समुद्रासाठीच चार रात्री राखायच्या असतील, तर त्या बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, त्रिंकोमाली शहराच्या उत्तरेला लागून असलेल्या उप्पुवेली येथे घालवाव्यात. बेंटोटा, उनावटुना आणि मिरिस्सा यांच्यात आपापसांत बराच फरक आहे. पण तिन्ही गावे एकाच बाजूला, नैऋत्येकडे तोंड करून बसलेली असल्यामुळे मे महिन्यात त्यांची अडचण एकच असते, आणि त्यांतून एक निवडण्यात फारसा अर्थ राहत नाही.

श्रीलंका हे आकाराने महाराष्ट्राच्या जेमतेम पाचव्या भागाएवढे बेट आहे, परंतु त्याच्या मध्यभागी अडीच हजार मीटरपर्यंत उंची गाठणारे डोंगर आहेत आणि पावसाचे दोन वेगळे हंगाम या डोंगरांच्या दोन बाजूंना वाटले गेले आहेत. मे ते सप्टेंबर या काळात नैऋत्य मोसमी वारे पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यावर धडकतात, पाऊस तिथे पाडून डोंगर ओलांडतात आणि पूर्वेकडे कोरडे होऊन उतरतात. सह्याद्रीच्या पलीकडे नगर-सोलापूरकडे पाऊस का कमी होतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ही रचना निराळी समजावून सांगण्याची गरज नाही. डिसेंबर ते फेब्रुवारीत ईशान्येकडून वारे येतात तेव्हा नेमके उलट घडते. त्रिंकोमाली-बट्टिकलोआकडे पाऊस असतो आणि गॉल-मातराकडे आकाश बहुतेक निरभ्र असते. मधले दोन संधिकाल, म्हणजे मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, हे दुपारच्या विजांचे आणि वळवाच्या सरींचे. मोसमी पाऊस नैऋत्य किनाऱ्यावर साधारणपणे मेच्या शेवटच्या आठवड्यात स्थिरावतो, पण त्याआधीचे पंधरा दिवस भरवशाचे नसतात. २०१६ आणि २०१७ या दोन्ही वर्षी नैऋत्य श्रीलंकेत मोठे पूर आले आणि डोंगरउताराला दरडी कोसळल्या, ते दोन्ही वेळा मे महिन्यातच. असे दरवर्षी होत नाही. तरीही वृद्ध माणसे आणि लहान मूल सोबत असताना ज्या आठवड्यात पाऊस कोणत्याही दिवशी सुरू होऊ शकतो, तो आठवडा त्या बाजूला घालवण्याचे कारण मला दिसत नाही.

तथापि पाऊस हा या निर्णयातला लहान भाग आहे. पावसाची सर तासाभरात निघून जाते आणि माणसे पुन्हा बाहेर पडतात. सहल वाया जाते ती समुद्रामुळे. श्रीलंकेचे दक्षिण टोक असलेल्या दोंड्रा भूशिरापासून थेट अंटार्क्टिकापर्यंत मध्ये जमीन नाही. दक्षिण गोलार्धातल्या हिवाळ्यात, म्हणजे आपल्याकडच्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, तिकडच्या वादळांतून निघालेल्या लांब लाटा हजारो किलोमीटर अंतर विनाअडथळा कापून या किनाऱ्यावर येऊन पोचतात. त्यातच बेटाभोवतीचा उथळ समुद्रतळ अरुंद आहे. दक्षिणेला तर किनाऱ्यापासून काही किलोमीटरवरच पाणी एकदम खोल होते. जगातला सर्वांत मोठा प्राणी असलेला निळा देवमासा मिरिस्साच्या इतक्या जवळ दिसतो, त्याचे कारण ही खोली आहे. लाटेचा जोर कमी करायला वाटेत उथळ तळ नसल्याने ती जवळजवळ पूर्ण ताकदीनिशी पुळणीवर आपटते. मेनंतर बेंटोटा आणि हिक्कडुवाच्या दरम्यान अनेक ठिकाणी आकाश निळे, ऊन पडलेले आणि किनाऱ्यावर मात्र लाल निशाण लागलेले, असे दृश्य दिवसेंदिवस टिकते.

कोकणातल्या समुद्राची सवय असलेल्या माणसाचा इथे अंदाज चुकण्याचा संभव अधिक असतो, म्हणून हा मुद्दा थोडा विस्ताराने सांगतो. आपल्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीचे अंतर मोठे आहे. मुंबईत अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास ते चार मीटरच्या वर जाते. त्यामुळे आपण पाण्यात उतरण्याआधी भरती आहे की ओहोटी, हे विचारतो, आणि मुरुड-हर्णैसारख्या सपाट पुळणीवर तेवढी चौकशी बहुतेक वेळा पुरते. श्रीलंकेत भरती-ओहोटीतला फरक जेमतेम अर्धा ते पाऊण मीटर असतो. किनारा दिवसभर जवळपास तसाच दिसतो आणि पाणी किती आत गेले, यावरून धोक्याचा काहीही अंदाज येत नाही. तिथे पाहायचे असते ते लाट कुठे फुटते हे. लाट आत, दूरवर फुटून पसरत येत असेल तर तळ सपाट आहे; ती किनाऱ्याच्या अगदी कडेला उभी राहून एकदम कोसळत असेल तर वाळूचा उतार तीव्र आहे, आणि गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या मुलाच्या पायाखालची वाळू परतणाऱ्या पाण्याबरोबर निसटते. दक्षिणेला तंगालेच्या बाजूचे कित्येक रमणीय किनारे या दुसऱ्या प्रकारातले आहेत. दोन फुटत्या लाटांच्या पट्ट्यांमध्ये शांत आणि गडद दिसणारी पाण्याची वाट हीच बाहेर ओढणाऱ्या प्रवाहाची वाट असते. नवखा माणूस पाण्यात उतरण्यासाठी बहुधा तीच जागा निवडतो, कारण तिथे लाटा नसतात.

मग बेंटोटा का सुचवले गेले असेल? यात लबाडी असेलच असे नाही. मेपासून त्या बाजूच्या हॉटेलांचे दर बरेच उतरतात, विमानतळापासूनचा रस्ता सोपा आहे, आणि बेंटोटा गंगेचे पात्र समुद्राला समांतर वाहत असल्यामुळे नदीच्या शांत पाण्यात होडी आणि जलक्रीडा पावसाळ्यातही बऱ्याच प्रमाणात चालू राहतात. कागदावर पाहिले तर 'समुद्रकिनारा आणि जलक्रीडा' या दोन्ही गोष्टी पुरवल्या जातात. फक्त समुद्रात उतरता येत नाही, एवढी एकच बाब कागदावर येत नाही. ज्यांना हॉटेलचा तलाव, स्वस्तातली चांगली खोली आणि खिडकीतून खवळलेला समुद्र एवढे पुरेसे असेल, त्यांनी मेमध्ये बेंटोट्याला जरूर जावे. जेफ्री बावा या मोठ्या वास्तुविशारदाची लुनुगंगा ही बाग तिथून जवळ आहे आणि ती पावसात अधिकच चांगली दिसते. आपल्या कुटुंबाची अपेक्षा ही नाही. मिरिस्साच्या बाबतीत तर मित्राने ज्या देवमाशांसाठी ते सुचवले असावे, त्यांचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल असा असतो. मेमध्ये होड्या निघाल्याच, तरी उसळत्या समुद्रातले ते चार-पाच तास सत्तरीच्या माणसांना मी सुचवणार नाही.

आता पूर्वेकडे वळू. मे ते ऑगस्ट या काळात इथे जे वारे वाहतात ते जमिनीवरून समुद्राकडे, म्हणजे मतलई वाऱ्यांच्या दिशेने, त्यामुळे किनाऱ्यालगतचे पाणी दबलेले आणि स्वच्छ राहते. सकाळी सहा ते दहा या वेळात त्रिंकोमालीच्या उत्तरेचा समुद्र पुष्कळ दिवस तळ्यासारखा निवांत असतो. या सुखाची किंमत उन्हाने मोजावी लागते. डोंगर उतरून येणारा पश्चिमेचा कोरडा, गरम वारा, ज्याला तिथले तमिळ लोक कच्चान म्हणतात, मेपासून वाहू लागतो आणि दुपारचे तापमान ३४-३५ अंशांच्या आसपास राहते. नाशिकच्या एप्रिल-मेपुढे हे आकडे फार नाहीत, पण समुद्राकाठची दमट हवा आणि वाळूवरून उलटून येणारे ऊन मिळून थकवा लवकर येतो. म्हणून पूर्व किनाऱ्यावरचा दिवस सकाळी साडेनऊ-दहाला संपवावा आणि साडेचारनंतर पुन्हा सुरू करावा. आणखी एक सोय अशी की, सूर्य दुपारनंतर पाठीमागे जात असल्याने माडांची आणि इमारतींची सावली पुळणीवर पुढे सरकत येते आणि आईवडिलांना संध्याकाळी पाण्याजवळ खुर्ची टाकून आरामात बसता येते. समुद्रात मावळणारा सूर्य मात्र इथे मिळणार नाही; तो पाहायचा असेल तर परतीच्या रात्री विमानतळाजवळ, पश्चिम किनाऱ्यावर असलेल्या नेगोंबोला पाहावा.

पूर्वेच्या किनाऱ्यांतही निवड करावी लागते. अरुगम बे हे नाव आपल्याला सर्वांत आधी ऐकू येईल, कारण जगभरचे लाटेवर फळी घेऊन स्वार होणारे तरुण याच महिन्यांत तिथे जमतात. ज्या भूशिराला वळसा घालून ती लांब, उजवीकडे फुटत जाणारी लाट येते, ते आपल्या मुलासाठी नाही, आणि विमानतळापासून सात-आठ तासांचा रस्ता आईवडिलांसाठी नाही. मुलगी काही वर्षांनी मैत्रिणींबरोबर जाईल तेव्हा त्या गावाचा विचार करावा.

खरी स्पर्धा पासिकुडा आणि त्रिंकोमाली यांच्यात आहे. पासिकुडाचा उपसागर घोड्याच्या नालेसारखा वळलेला आणि इतका उथळ आहे की मोठा माणूस शंभर-दीडशे पावले आत गेला तरी पाणी कमरेवर येत नाही. पोहता न येणाऱ्या मुलासाठी संपूर्ण बेटावर याहून सुरक्षित पाणी सापडणे कठीण आहे. त्याची उणीव पाण्याबाहेर आहे. २००९ मध्ये यादवी युद्ध संपल्यानंतर या उपसागराभोवती मोठ्या हॉटेलांची एक रांग आखून उभी करण्यात आली, आणि त्या रांगेच्या बाहेर चालत जाऊन पाहावे, खावे, विकत घ्यावे असे फारसे काही नाही. दोन रात्री तिथे फार सुखाच्या जातात. तिसऱ्या दिवशी तेरा वर्षांची मुलगी मोबाइलमध्ये डोके घालून बसेल आणि आपण सर्व जण तिन्ही वेळा हॉटेलचेच जेवण जेवत असाल. त्यातही अति उथळ पाणी दुपारी कोमट होते आणि ज्याला खरोखर पोहायचे आहे त्याचा तिथे विरस होतो. आपला मुलगा चार-पाच वर्षांचा असता तर मी निःसंकोच पासिकुडा म्हटले असते.

त्रिंकोमालीच्या उत्तरेला दोन पुळणी आहेत. शहरापासून पाच-सहा किलोमीटरवर उप्पुवेली आणि आणखी पुढे गेल्यावर निलावेली. निलावेलीची पुळण अधिक रुंद, अधिक मोकळी आणि छायाचित्रात अधिक देखणी आहे; पण हॉटेले एकमेकांपासून लांब आहेत आणि प्रत्येक लहानसहान कामाला रिक्षा करावी लागते. उप्पुवेलीला पुळणीच्या मागच्याच रस्त्यावर खानावळी, औषधाचे दुकान, किराणा आणि रिक्षा सापडतात, शहरातले मोठे रुग्णालय पंधरा-वीस मिनिटांवर आहे, आणि वाळूचा उतार मेमध्ये सौम्य असतो. नुसत्या पुळणीला गुण द्यायचे तर निलावेलीला अधिक मिळतील. तीन पिढ्या एकत्र राहणार असताना मी उप्पुवेलीलाच पहिली पसंती देतो, आणि तीही पुळणीला लागून असलेल्या, तळमजल्याची खोली देणाऱ्या मध्यम हॉटेलाला. पायऱ्या चढून जाण्याच्या चकचकीत हॉटेलाला नव्हे.

आईवडिलांची इच्छाही इथे पुरी होते. त्रिंकोमालीच्या समुद्रात घुसलेल्या उंच कड्यावर, एका जुन्या किल्ल्याच्या आवारात कोणेश्वराचे शिवमंदिर आहे. मूळचे भव्य देवालय सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडले. आजचे मंदिर विसाव्या शतकात उभारलेले आहे. कड्यातल्या एका खोल भेगेला रावणाच्या तलवारीचा घाव म्हणून दाखवले जाते, कारण स्थानिक कथेप्रमाणे आपल्या आजारी आईसाठी हे शिवस्थान उचलून नेण्याचा त्याचा प्रयत्न होता. संध्याकाळच्या पूजेच्या वेळी जावे, चपला खाली ठेवून थोडे चढावे लागते, आणि वाटेत मंदिराच्या आसपास फिरणाऱ्या हरणांना खायला घालू नये. नुवारा एलियाजवळच्या सीतेच्या मंदिराचा आग्रह या सहलीत सोडून द्यावा. ते डोंगरात आहे, मेमध्ये तिथे ढग आणि पाऊस असतो, आणि तो फेरा घालायचा म्हटले तर समुद्राच्या चार रात्रींमधल्या दीड-दोन रात्री रस्त्यावर जातील.

चारांपैकी एक सकाळ निलावेलीसमोरच्या पिजन आयलंडसाठी राखावी. किनाऱ्यापासून सुमारे किलोमीटरभर आत असलेली ही दोन लहान बेटे २००३ पासून राष्ट्रीय उद्यान आहेत. १९९८ मध्ये समुद्राचे तापमान वाढून हिक्कडुवासह पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यावरचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर मेले, तेव्हा त्रिंकोमालीकडचे प्रवाळ बऱ्याच अंशी वाचले. म्हणूनच कमरेभर पाण्यात तोंडावर मुखवटा लावून आजही इथे रंगीत मासे आणि कधीकधी काळ्या टोकाच्या परांचे लहान, निरुपद्रवी शार्क दिसतात. पहिल्या होडीने जावे आणि दहाच्या आत परतावे, कारण त्यानंतर गर्दी होते आणि सावली जवळजवळ नसते. बेटाच्या काठावर वाळूऐवजी मोडलेल्या प्रवाळाचे तुकडे आहेत, त्यामुळे पायांत पाण्यात चालणारे बूट हवेतच. आणि प्रवाळावर उभे राहू नये, हे मुलांना होडीत बसण्याआधी सांगावे, कारण तिथे उतरल्यावर आजूबाजूचे अनेक मोठे लोकच त्यावर उभे असलेले दिसतील. आईवडिलांना या होडीत नेण्याची गरज नाही. चढ-उतार पाण्यातून करावा लागतो. त्यांच्यासाठी आणि मुलासाठी दुसरी एक सकाळ मार्बल बीचला द्यावी. त्रिंकोमालीच्या नैसर्गिक बंदराच्या दक्षिणेकडच्या बाजूला असलेला हा छोटा, दोन्हीकडून डोंगरांनी झाकलेला किनारा श्रीलंकेच्या हवाई दलाच्या ताब्यात आहे. प्रवेशासाठी तिकीट आहे, पण जागा स्वच्छ असते आणि पाणी शांत.

पूर्वेच्या शांत समुद्राचाही एक धोका आहे आणि तो दक्षिणेच्या धोक्याच्या अगदी उलट प्रकारचा असल्याने लोकांच्या ध्यानात येत नाही. मतलई वाऱ्यामुळे पाणी सपाट राहते, पण तोच वारा हवा भरलेली रिंग, गादी किंवा चेंडू हलकेच आत ढकलत नेतो. मूल रिंगेत बसलेले असते, लाट नसल्यामुळे कोणाला काळजी वाटत नाही, आणि पाहता पाहता ते तीस-चाळीस मीटर आत गेलेले असते. म्हणून मुलासाठी रिंग नेऊच नये. अंगाला घट्ट बसणारे, पट्टे असलेले जीवरक्षक जाकीट घ्यावे, आणि ते इथूनच मापाचे घेऊन जावे, कारण तिथे लहान मुलांच्या मापाचे मिळेलच असे नाही. दुसरी सूचना अशी की, समुद्राला मिळणाऱ्या खाड्या आणि खाजणे यांत पाय घालू नयेत. खाऱ्या पाण्यातली मगर तिथे असते. २०१७ मध्ये अरुगम बेजवळच्या अशाच एका खाजणात एका परदेशी तरुणाचा तिने बळी घेतला होता. खुल्या पुळणीवर ही भीती बाळगण्याचे कारण नाही.

मार्ग असा आखावा. विमान उतरते ते कटुनायकेला, कोलंबो शहरात नव्हे. तिथून नेगोंबो अर्ध्या तासाच्या आत येते. मुंबई-कोलंबो विमाने अनेकदा अवेळी पोचतात, म्हणून पहिली रात्र नेगोंबोला घ्यावी. दुसऱ्या दिवशी सकाळी सिगिरिया-हबरणाकडे निघावे, साधारण चार तास लागतात, आणि तिथे दोन रात्री राहावे. सिगिरियाचा खडक चढायचा असेल तर सकाळी दारे उघडताच चढावा. आईवडिलांनी खालच्या बागा पाहून थांबावे किंवा दांबुल्लाची लेणी पाहावीत, त्यांनाही पायऱ्या आहेत पण मानाने कमी. हबरणापासून त्रिंकोमाली दोन तासांवर आहे आणि रस्ता चांगला आहे. उप्पुवेलीच्या चार रात्री झाल्यावर परतीचा पाच-सहा तासांचा प्रवास एकाच दिवसात करून शेवटची रात्र पुन्हा नेगोंबोला काढावी; त्या प्रवासाच्याच दिवशी रात्रीचे विमान घेण्याचा मोह टाळावा. कँडी या आखणीत येत नाही आणि मी ते हेतुपुरस्सर गाळले आहे. पुष्कळ ठिकाणी सार्क देशांच्या नागरिकांना प्रवेशशुल्कात मोठी सवलत आहे, त्यामुळे पासपोर्ट गाडीतल्या बॅगेत न ठेवता जवळ बाळगावेत. मेमधल्या पौर्णिमेला वेसाक, म्हणजे आपली बुद्धपौर्णिमा, येते. आपल्या तारखांत ती येत असेल तर त्या दोन दिवसांत रस्त्यांवर गर्दी असते, पण गावोगावी आकाशकंदील लागतात आणि वाटसरूंना फुकट जेवू घालणारे मांडव उभे राहतात. मुलांना ते पाहायला आवडेल.

आपल्याकडे कोणी शाकाहारी असेल तर पूर्वेचा आणखी एक फायदा आहे. त्रिंकोमालीत तमिळ वस्ती मोठी असल्याने इडली, डोसा आणि केळीच्या पानावरचे साधे जेवण सहज मिळते. दक्षिणेकडे वरणभात आणि भाज्या मिळतात, परंतु ओल्या नारळाच्या ज्या चटणीला तिथे पोळ सांबोल म्हणतात तिच्यात, आणि कित्येक भाज्यांतही, सुक्या माशाचा चुरा घातलेला असतो, आणि वाढणाऱ्याला तो मासा वाटतच नाही. 'उंबलकड' नको, असे त्याच शब्दांत सांगावे.

कदाचित हे सारे वाचल्यावर आपण सहल डिसेंबरच्या सुट्टीपर्यंत पुढे ढकलण्याचा विचार कराल. तसे केल्यास संपूर्ण सल्ला उलटा होतो, कारण तेव्हा त्रिंकोमालीकडे पाऊस आणि खवळलेला समुद्र असतो आणि नैऋत्य किनारा वर्षातल्या उत्तम अवस्थेत येतो. त्या वेळी आपल्या तीन नावांमधली निवड खरी ठरते, आणि मी उनावटुना निवडेन. वळणदार उपसागर, समोर प्रवाळाचा बांध, गॉलचा डच किल्ला रिक्षाच्या अंतरावर, कोलंबोपासून द्रुतगती महामार्ग. तीन पिढ्यांना लागणारे सगळे तिथे आहे. गर्दी फार असते आणि मध्यंतरी किनारा एवढा झिजला की बाहेरून वाळू आणून भरावी लागली, हे खरे. पण पोहता न येणाऱ्या मुलाला मिरिस्साच्या लाटांत सोडण्यापेक्षा ते बरे. मुलीच्या झोक्याबद्दल एवढे सांगायला हवे की तो उनावटुनात नसून पलीकडच्या दलावेल्लाला आहे, त्यासाठी पैसे मोजावे लागतात आणि छायाचित्रापुरती रांगही असते. दलावेल्लाला खडकांच्या आडोशाने तयार झालेले उथळ पाणी मात्र झोक्यापेक्षा चांगले आहे आणि तिथे कासवे येतात. मिरिस्सा त्याच मुक्कामातून एका सकाळपुरते करावे, बेंटोटा या प्रवासात जाता-येता जेवणापुरते. मुलाला पाण्याची भीती वाटत असेल तर मातराजवळच्या पोल्हेनाचा, खडकांच्या रांगेने अडवलेला किनारा एक दिवस दाखवावा. मुलीला फळीवर उभे राहायला शिकायचे असेल तर वेलिगामाचा रुंद, वाळूच्या तळाचा उपसागर त्यासाठीच आहे. दिवाळीच्या सुट्टीत मात्र समुद्रासाठी जाऊ नये. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात आणि नोव्हेंबरच्या आरंभी दोन्ही बाजूंना पाऊस असू शकतो आणि कोणत्या बाजूला किती, हे आठवडाभर आधीही सांगता येत नाही.

हॉटेल ठरवण्यापूर्वी 'तुमचा किनारा पोहायला चांगला आहे का', असे विचारू नये. त्याचे उत्तर नेहमीच होकारार्थी येते. गेल्या वर्षी मेच्या तिसऱ्या आठवड्यात तुमच्याकडे उतरलेली लहान मुले समुद्रात उतरत होती की तलावात, आणि समोर जीवरक्षक बसतो का, असे नेमके विचारावे. पाहुण्यांनी टाकलेली छायाचित्रे पाहताना ती कोणत्या महिन्यातली आहेत हे पाहावे. जानेवारीतले मिरिस्सा आणि जूनमधले मिरिस्सा ही जवळजवळ दोन गावे आहेत. उप्पुवेलीला मे हा हंगामाचा आरंभ असल्यामुळे खोल्या मिळतात, परंतु जुलै-ऑगस्टचे दर तेव्हापासूनच सांगण्याची तिथे प्रवृत्ती आहे, त्यामुळे थोडी घासाघीस चालते. आगाऊ रक्कम भरताना पहिल्या दोन रात्रींचीच भरावी आणि उरलेल्या दोन तिथे पोचल्यावर पक्क्या कराव्यात. मुलाला पाणी आवडले आणि मुलगी कंटाळली नाही, तर त्या तिथेच घ्याव्यात, नाहीतर दोन रात्रींसाठी पासिकुडा तीन तासांच्या आत गाठता येते.